दोन गटांची टक्केवारी खरोखर वेगळी आहे का? जामोवीत तपासण्याची रीत

एका गटात ४६ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. फरक डोळ्यांना दिसतोच आहे, मग सॉफ्टवेअर कशाला उघडायचं? कारण हे ४६ टक्के पस्तिसांपैकी सोळा असू शकतात, किंवा पस्तीस हजारांपैकी सोळा हजार. पहिल्या बाबतीत चार माणसांचं नशीब वेगळं असतं तर टक्केवारी अकरांनी बदलली असती. दुसऱ्या बाबतीत चार माणसांनी काहीच हललं नसतं. टक्केवारी लिहिली की हा भेद झाकला जातो, आणि तो उघड करण्यासाठीच चाचणी लागते.

एमडीचा प्रबंध असो, नर्सिंगचा प्रकल्प असो की समाजकार्याचं सर्वेक्षण, 'या गटात इतके टक्के, त्या गटात तितके' असा तक्ता बहुतेक ठिकाणी येतोच. हा लेख तो तक्ता पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. सॉफ्टवेअर म्हणून मी जामोवी घेतलं आहे. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आतली गणितं आर या भाषेत होतात, आणि आज्ञा लिहाव्या लागत नाहीत, मेनूतून निवडता येतात. एसपीएसएस हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही पुढचं जवळजवळ सगळं लागू पडेल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो, कारण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे: पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे. फरक किती, तो किती खात्रीचा आणि गट पडले कसे, हे तीन प्रश्न त्याहून मोठे आहेत. त्यांतल्या तिसऱ्याचं उत्तर कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही.

उघडण्याआधी: गट खरंच स्वतंत्र आहेत का?

इथे चालणारी काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी दोन अटी धरून चालते. प्रत्येक व्यक्ती एकाच गटात असावी आणि तक्त्यात एकदाच मोजलेली असावी. आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरू नये.

पहिली अट सर्वाधिक मोडते ती पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या अभ्यासात. प्रशिक्षणाआधी ६० आशाताईंपैकी किती जणींना ओआरएस बरोबर बनवता आलं, आणि प्रशिक्षणानंतर त्याच ६० जणींपैकी किती जणींना, हे दोन स्वतंत्र गट नव्हेत. माणसं तीच आहेत. त्यासाठी मॅकनेमार चाचणी लागते; जामोवीत ती याच मेनूत 'पेअर्ड सॅम्पल्स' या नावाखाली आहे. काय-वर्ग चाचणी चालवली तर सॉफ्टवेअर अडवणार नाही, निमूटपणे आकडा देईल. म्हणून हा विचार आपणच करायचा.

दुसरी अट शाळा, गावं, वॉर्ड अशा झुपक्यांत माहिती गोळा केली की मोडते. पाच गावांत मोहीम राबवली, पाच गावांत नाही, आणि प्रत्येक गावातली शंभर माणसं विचारली, तर हजार स्वतंत्र उत्तरं मिळाली असं होत नाही. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. साधी चाचणी तिथे गरजेपेक्षा जास्त खात्री दाखवते. अशा अभ्यासासाठी संख्याशास्त्रज्ञाला आधीच गाठा, माहिती गोळा झाल्यावर नव्हे.

सरावासाठी खरे आकडे

जोसेफ लिस्टर हे ग्लासगो विद्यापीठात शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आणि तिथल्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. हात-पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखम सडून रुग्ण दगावणं त्या काळी नेहमीचं होतं. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम आणि साधनं निर्जंतुक करायला सुरुवात केली आणि १८७० साली आपले आकडे प्रसिद्ध केले. आधीच्या काळात, म्हणजे १८६४ आणि १८६६ या वर्षांत, ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीच्या १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६ दगावले. आकडे लहान आहेत, त्यामुळे हातानेही पडताळता येतात. शिकायला असेच आकडे बरे.

माहिती भरणं

तुमच्याकडे प्रत्येक रुग्णाची एक ओळ अशी एक्सेल फाइल असेल तर ती तशीच जामोवीत उघडा. एक रकाना गटाचा, एक निकालाचा, एवढं पुरे. इथे आपल्याकडे फक्त एकूण आकडे आहेत, म्हणून चार ओळी भरायच्या:

जुनी, मृत्यू, १६
जुनी, वाचले, १९
नवी, मृत्यू, ६
नवी, वाचले, ३४

पहिल्या रकान्याला 'पद्धत', दुसऱ्याला 'निकाल', तिसऱ्याला 'संख्या' असं नाव द्या. रकान्याच्या शीर्षकावर दोनदा क्लिक केलं की त्याची मांडणी उघडते. पहिले दोन रकाने 'नॉमिनल' (म्हणजे मोजमाप नव्हे, नुसती नावं) प्रकारचे असले पाहिजेत. तिथेच पर्यायांची यादी दिसते आणि बाणांनी त्यांचा क्रम बदलता येतो. 'जुनी' वर, 'नवी' खाली. 'मृत्यू' वर, 'वाचले' खाली, असं ठेवा. हा क्रम म्हणजे नुसती सजावट नाही. पुढे येणारं प्रत्येक गुणोत्तर त्यावरूनच ठरतं आणि क्रम उलटला की तिपटीच्या जागी एक-तृतीयांश दिसतं. दोन्ही बरोबरच असतात, पण वाक्य लिहिताना गोंधळ होतो.

'होय' एका ठिकाणी आणि 'हो' दुसऱ्या ठिकाणी टाइप झालं असेल तर सॉफ्टवेअर ते दोन वेगळे पर्याय धरतं. शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागासुद्धा नवा पर्याय तयार करू शकते. पर्यायांची यादी वाचूनच पुढे जा.

चाचणी चालवणं

१. वरच्या पट्टीत 'ॲनालिसिस' निवडा, मग 'फ्रिक्वेन्सीज', आणि त्यात 'कंटिंजन्सी टेबल्स' या मथळ्याखालचं 'इंडिपेंडंट सॅम्पल्स'.

२. 'रोज' या चौकटीत पद्धत टाका, 'कॉलम्स'मध्ये निकाल आणि 'काउंट्स'मध्ये संख्या. प्रत्येक रुग्णाची एक ओळ असलेली फाइल असेल तर 'काउंट्स' रिकामं ठेवायचं. इथे मात्र ते विसरलात तर सॉफ्टवेअरला एकूण चारच माणसं दिसतील.

३. 'सेल्स' या भागात आडव्या ओळींची टक्केवारी आणि अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर तक्त्याच्या प्रत्येक घरात किती जण आले असते) या दोन खुणा करा.

४. 'स्टॅटिस्टिक्स' या भागात काय-वर्गाची खूण आधीपासून असते. तिच्याशिवाय प्रमाणांतला फरक, रिलेटिव्ह रिस्क (एका गटातलं प्रमाण दुसऱ्याच्या किती पट) आणि त्यांचे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा) निवडा. लहान अभ्यास असेल तर फिशरची अचूक चाचणीही.

बटण दाबावं लागत नाही. खूण केली की उजवीकडे निकाल बदलतो.

निकाल कुठून वाचायचा

नवखा माणूस थेट पी-मूल्याकडे धावतो. तसं करू नका. आधी तक्ता पाहा. जुन्या पद्धतीच्या ओळीत मृत्यू ४५.७ टक्के, नव्या पद्धतीच्या ओळीत १५ टक्के. गट आडव्या ओळींत ठेवले म्हणून आडवीच टक्केवारी घ्यायची. उभी टक्केवारी घेतली तर दिसेल की एकूण २२ मृत्यूंपैकी १६, म्हणजे ७२.७ टक्के, जुन्या पद्धतीत झाले. आकडा खोटा नाही, पण प्रश्न वेगळा आहे: त्यात प्रत्येक गटात मुळात किती माणसं होती हे येतच नाही. प्रबंधांमध्ये ही अदलाबदल फार दिसते, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आता फरक. ४५.७ वजा १५, म्हणजे ३०.७ टक्केबिंदू. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १०.८ ते ५०.६ येतो. जामोवी हे दशांशात दाखवतं, ०.१०८ ते ०.५०६ असं. हा पट्टा मला सगळ्या निकालातला सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो. खरा फरक शंभरामागे अकरा रुग्णांचा असू शकतो किंवा पन्नासाचा, आणि या ७५ रुग्णांवरून त्याहून नेमकं सांगता येत नाही, असं तो सरळ सांगतो. पट्ट्यात शून्य नाही, म्हणजे 'काहीच फरक नाही' ही शक्यता या आकड्यांशी जुळत नाही.

रिलेटिव्ह रिस्क ३.०५ येते: जुन्या पद्धतीत मृत्यूचं प्रमाण नव्याच्या तिप्पट. तिचा पट्टा १.३४ ते ६.९३. तिथे शून्य नव्हे, १ पट्ट्यात आहे का ते बघायचं, कारण गुणोत्तरात 'फरक नाही' म्हणजे १. ऑड्स रेशो मागितला तर ४.७७ मिळतो. तो पाहून 'मृत्यूचा धोका पावणेपाच पट' असं लिहू नका. ऑड्स म्हणजे मेलेले भागिले वाचलेले, एकूणांपैकी मेलेले नव्हे. घटना दुर्मीळ असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात. इथे मृत्यू दुर्मीळ नव्हता, म्हणून ते एवढे दूर गेले. ऑड्स रेशोचं खरं काम केस-कंट्रोल अभ्यासात आणि लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये. दोन गटांच्या साध्या तुलनेत फरक आणि रिलेटिव्ह रिस्क द्या, वाचणाऱ्याला ते कळतात.

सरतेशेवटी पी. काय-वर्ग ८.५०, स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, निकालात 'df') १, पी सुमारे ०.००४. अर्थ असा: दोन्ही पद्धतींत मृत्यूचं प्रमाण खरोखर सारखंच असतं, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक हजारात चारेक वेळाच दिसला असता. 'नवी पद्धत चांगली असण्याची शक्यता ९९.६ टक्के' असा याचा अर्थ होत नाही.

मैत्रिणीने हेच आकडे आरमध्ये घातले आणि तिला ०.००८ मिळालं, तर घाबरू नका. दोन बाय दोन तक्त्यासाठी आर आपणहून येट्सची सुधारणा (काय-वर्ग थोडा कमी करणारी दुरुस्ती) लावतं. जामोवी ती वेगळी मागितल्याशिवाय लावत नाही. एसपीएसएस सगळे आकडे एकाखाली एक छापतं. कोणता घ्यायचा ते माहिती बघण्याआधी ठरवा आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहा. निकाल पाहून त्यातला सोयीचा निवडणं चुकीचं आहे.

'दोन प्रमाणांसाठीची झेड चाचणी' आपल्याला शिकवली होती, ती कुठे गेली, असं बरेच जण विचारतात. ती हीच. दोन्ही गटांचं एकत्र प्रमाण धरून काढलेल्या झेडचा वर्ग केला की बिनसुधारणेचा काय-वर्ग मिळतो, म्हणून पी-मूल्यही तेच. दोन्ही चाचण्या करून दोनदा पुरावा मिळाला असं लिहू नये.

फिशरची चाचणी कधी?

'एखाद्या घरात पाचपेक्षा कमी संख्या असेल तर फिशर' हा नियम तोंडपाठ असतो, पण अर्धवट. पाहायची ती अपेक्षित संख्या, प्रत्यक्ष नव्हे. टायटॅनिकचं उदाहरण घ्या: पहिल्या वर्गातल्या १४५ स्त्रियांपैकी (मुली धरून) फक्त ४ बुडाल्या. प्रत्यक्ष संख्या चार, पण बोटीवरच्या सगळ्या ४७० स्त्रियांचं सरासरी प्रमाण लावलं तर अपेक्षित संख्या ३९च्या जवळपास येते. तिथे काय-वर्ग चाचणीला काहीच अडचण नाही. लिस्टर यांच्या तक्त्यात सर्वांत लहान अपेक्षित संख्या १०.२७ आहे, म्हणून तिथेही नाही. तरी फिशर चालवून बघा, पी ०.००५ येईल. 'सेल्स'मध्ये अपेक्षित संख्येची खूण करायला सांगितलं ते याचसाठी.

एखाद्या घरात शून्यच असेल तर रिलेटिव्ह रिस्क एक तर शून्य दिसते, नाही तर निघतच नाही. अशा वेळी 'या गटात धोका शून्य' असं लिहू नका. 'क्ष' जणांपैकी एकालाही त्रास झाला नाही, तर खऱ्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण तीन भागिले 'क्ष' असते. तीस जणांत शून्य म्हणजे खरं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंतही असू शकतं.

प्रमाण फार लहान असेल तेव्हा

१९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लसीची मोठी चाचणी झाली. तिच्या एका भागात चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवून २,००,७४५ मुलांना लस आणि २,०१,२२९ मुलांना तशीच दिसणारी बिनऔषधाची सुई दिली गेली. लकवा आलेल्या पोलिओचे रुग्ण पहिल्या गटात ३३, दुसऱ्यात ११५.

हे आकडे वरच्याच पद्धतीने भरा. तक्ता टक्केवारीत ०.०१६ आणि ०.०५७ असं काहीतरी दाखवेल, किंवा दशांशस्थळं कमी असतील तर नुसतंच ०.० आणि ०.१. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमध्ये आकड्यांची दशांशस्थळं वाढवता येतात, ती वाढवा. लिहिताना मात्र लाखामागे लिहा: लस घेतलेल्यांत लाखामागे १६, न घेतलेल्यांत ५७. लगेच कळतं.

इथे फरक ०.०४ टक्केबिंदूचा, आणि रिलेटिव्ह रिस्क ०.२९. पहिला आकडा वाचून वाटेल की लसीने काहीच केलं नाही. दुसरा सांगतो की लकव्याचा धोका ७१ टक्क्यांनी घटला. दोन्ही एकाच तक्त्यातून आलेले आहेत. म्हणून नेहमी दोन्ही द्या. लाखामागे ४१ मुलं वाचली (पट्टा २९ ते ५३), म्हणजे त्या एका हंगामात साधारण अडीच हजार मुलांना लस दिली की एकाचा लकवा टळला. आरोग्य खात्यातल्या माणसाला निर्णयासाठी हाच आकडा हवा असतो.

याच चाचणीच्या दुसऱ्या भागात यदृच्छा वाटणी नव्हती. तिथे दुसरीतल्या मुलांना पालकांच्या संमतीने लस दिली आणि तुलना केली ती पहिली-तिसरीतल्या सगळ्या मुलांशी. अडचण अशी की संमती देणारी कुटुंबं तुलनेने सुस्थितीतली होती, आणि पोलिओचा लकवा अशाच घरांतल्या मुलांना जास्त होत असे, कारण स्वच्छ घरात तान्हेपणीच सौम्य संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती मिळत नसे. म्हणजे लस घेणारा गट मुळातच जास्त धोक्यातला. पी-मूल्य दोन्ही भागांत लहान आलं तरी त्या दोन पी-मूल्यांचं वजन सारखं नाही. लिस्टर यांच्या आकड्यांनाही हे लागू आहे: त्यांचे दोन गट वेगवेगळ्या वर्षांतले आहेत, आणि दरम्यान रुग्णालयात आणखी काय बदललं ते हा तक्ता सांगत नाही.

दोनाहून जास्त गट

टायटॅनिकवरच्या २,२०१ माणसांचे आकडे घ्या. पहिल्या वर्गातले ३२५ पैकी २०३ वाचले (६२.५ टक्के), दुसऱ्यातले २८५ पैकी ११८ (४१.४), तिसऱ्यातले ७०६ पैकी १७८ (२५.२), आणि कर्मचाऱ्यांपैकी ८८५ मधले २१२ (२४.०). मेनू तोच, चाचणी तीच, काय-वर्ग १९०.४, स्वातंत्र्यमात्रा ३. पण हा आकडा एवढंच सांगतो की चारही गट सारखे नाहीत. कोण कोणापासून वेगळा, ते नाही. त्यासाठी जोड्या पाडाव्या लागतात, आणि चार गटांच्या सहा जोड्या होतात. सहा वेळा चाचणी केली की योगायोगाने एखादी 'लागण्याची' शक्यता वाढते. साधा उपाय म्हणजे ०.०५ ला सहाने भागायचं आणि पी ०.००८ च्या खाली असेल तरच फरक मान्य करायचा. बरं तर हे, की ज्या दोन-तीन तुलना तुमच्या प्रश्नाशी निगडित आहेत त्याच आधी ठरवून करा.

आता तिसरा वर्ग आणि कर्मचारी हे दोनच गट बघा. २५.२ आणि २४.०, जवळपास सारखे, तिसरा वर्ग किंचित पुढे. जामोवीत 'लेयर्स' नावाची चौकट आहे, तिच्यात लिंग टाका. तक्ता दोन थरांत फुटतो. पुरुषांत तिसऱ्या वर्गातले १७.३ टक्के वाचले, कर्मचारी २२.३ टक्के. स्त्रियांत तिसऱ्या वर्गातल्या ४५.९ टक्के, कर्मचारी ८७ टक्के. दोन्ही थरांत कर्मचारी पुढे, आणि एकत्र केलं की मागे! कारण तिसऱ्या वर्गात १९६ स्त्रिया होत्या आणि कर्मचाऱ्यांत फक्त २३, आणि जीवरक्षक होड्यांत स्त्रियांना आधी बसवलं जात होतं. स्वतःच्या माहितीत वय, लिंग, शहर-गाव असं जे काही निकालावर परिणाम करू शकेल, ते एकदा 'लेयर्स'मध्ये टाकून बघितल्याशिवाय तक्ता पक्का धरू नका.

लिहायचं कसं

पी-मूल्यासमोर दोन चांदण्या काढून भागत नाही. असं लिहा:

'जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या ३५ पैकी १६ (४५.७ टक्के) आणि नव्या पद्धतीच्या ४० पैकी ६ (१५.० टक्के) रुग्णांचा मृत्यू झाला. फरक ३०.७ टक्केबिंदू (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १०.८ ते ५०.६), रिलेटिव्ह रिस्क ३.०५ (१.३४ ते ६.९३), येट्सच्या सुधारणेविना काय-वर्ग ८.५०, स्वातंत्र्यमात्रा १, पी = ०.००४.'

मूळ संख्या द्या म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करता येतो. सॉफ्टवेअरने 'पी < .००१' दाखवलं तर तसंच लिहा; 'पी = ०.०००' असं कधीच नाही, कारण ते शून्य नसतं. आणि पी ०.०५ च्या वर आलं तर 'दोन्ही गट सारखे आहेत' असं लिहिण्याआधी पट्टा बघा. तो उणे ५ ते अधिक २५ असा पसरलेला असेल, तर तुमच्या अभ्यासाला काही सांगता आलेलं नाही, एवढंच खरं आहे, आणि तेच लिहावं.

फाइल जतन केली की जामोवी माहिती, निवडलेले पर्याय आणि निकाल एकाच फाइलीत ठेवतं. मार्गदर्शकांना तक्त्याचा फोटो पाठवण्यापेक्षा ती फाइल पाठवा. कोणती खूण केली, कोणती राहिली, ते त्यांना उघडल्याबरोबर दिसेल. त्याआधी रुग्णांची नावं आणि नोंदणी क्रमांकांचे रकाने तेवढे काढून टाका.